न बघण्याची रीत

आत्या गंगेवरून ओलेत्यानं घरी यायची, तेव्हा रामघाटाच्या गल्लीतली माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. दूधवाला थांबायचा, वेदशाळेतली मुलं थांबायची, पानवाला पाणी शिंपडता शिंपडता हात आवरायचा. सांडाला तेवढी तीच वाट द्यायची, कारण बनारसच्या सांडाला सोवळंओवळं कोण सांगणार? एरवी आमच्या गल्लीत कुणी कुणासाठी हलत नाही. पण ही बुटकी बाई, अंगावर ओलं लुगडं आणि हातात गंगेचा कलश घेऊन पायऱ्या चढून आली, की सगळी गल्ली आपोआप अंग चोरायची.

ज्यांच्या घरी हे प्रकार नव्हते त्यांच्यासाठी सांगते. अंघोळ झाल्यापासून देवाचा स्वयंपाक होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. शिवलं की सोवळं मोडलं, पुन्हा घाट उतरा, पुन्हा बुडी मारा. कोरडं लुगडं घाटावर न्यावं तर वाटेत कुणाचा ना कुणाचा हात लागणार, म्हणून ती ओल्यातच घरी यायची आणि उंच दांडीवर वाळत घातलेलं सोवळ्याचं लुगडं काठीनं खाली ओढून नेसायची. थंडीत आमचे दात वाजत असायचे, तरी ही आपली ओलेतीच. दातखीळ बसेल एक दिवस, असं आई पुटपुटायची. ऐकून घेणाऱ्यातली आत्या नव्हती.

ती बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती बनारसला, माहेरी परत आली ती कायमची. परत आलेल्या लेकीला माहेरी जागा मिळते, मान मात्र कमवावा लागतो. तिनं तो चुलीपुढे कमावला. नैवेद्य तिच्या हातचा, आणि तो होईस्तोवर आईनं, म्हणजे घरच्या सुनेनं, स्वयंपाकघराचा उंबरासुद्धा ओलांडायचा नाही. आई यावरून आतल्या आत धुमसायची. पण एकदा मी चिडून म्हटलं, की आत्याचं हे थोतांड किती दिवस चालायचं, तर आईच माझ्यावर उखडली. म्हणाली, "त्या बाईकडे दुसरं आहे काय? सकाळची अंघोळ काढून घेतलीस तर उरतं काय तिचं?" खरंच होतं ते.

आम्ही बनारसचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही. बाबा तीर्थोपाध्याय होते. महाराष्ट्रातून यात्रेकरू यायचे, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांतले, ते आमच्याकडेच उतरायचे. वरच्या खोल्या त्यांच्यासाठीच होत्या. ते यायचे, आत्याच्या हातचं जेवायचे, बाबा त्यांची श्राद्धं करायचे आणि जाताना ती माणसं रडायची. नव्वदीनंतर हे हळूहळू आटलं. यात्रा कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या. बरोबर आचारी, मुक्काम हॉटेलात, एका दिवसात काशी उरकली की गाडी पुढे. आमचेच जुने यजमान घाईघाईनं घाटावर भेटायचे आणि म्हणायचे, गुरुजी, गाडी सुटेल. वरच्या खोल्यांत धूळ बसायला लागली.

त्याच सुमाराला अंग्रेज वाढले. आमच्याकडे गोरा दिसला की तो अंग्रेज. मग तो जर्मन असो, इस्रायली असो, नाहीतर आणखी कुठला. पूर्वी ते अस्सी घाटाकडे नाहीतर दशाश्वमेधाजवळ दिसायचे. आता आमच्या गल्लीतसुद्धा पाठीवर बोचकी घेऊन वाट चुकायला लागले. शेजारच्या घरानं आधी खोल्या दिल्या. बाबांनी महिनाभर त्यांना नावं ठेवली, म्लेच्छांची धर्मशाळा म्हणाले, आणि मग आपल्याही खोल्यांना चुना मारून घेतला. नाक मुरडून का होईना, पण घेतला. गच्चीवर चार वेताच्या खुर्च्या आल्या. घराच्या दारावर गंगादर्शनाची इंग्रजी पाटी लागली. आई केळ्याचे पॅनकेक करायला शिकली. त्यांना ती घावन म्हणायची, आणि म्हणायची की घावनाची एवढी विटंबना तिच्या आईनं पाहिली असती तर तिचं माहेर तुटलं असतं. मी तेव्हा बी.ए. करत होते. इंग्रजी बोलायला घरात मीच, त्यामुळे आल्यागेल्याला नियम सांगायचं काम माझ्याकडे.

नियम कसले, एकच नियम होता. शिवायचं नाही. आत्या घाटावरून येताना दिसली की बाजूला व्हा, तिच्या दांडीखालून जाऊ नका, तिच्या कलशाला हात लावू नका, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावू नका. मी हे इतक्या वेळा घोकलं होतं, की झोपेतून उठवलं तरी इंग्रजीत सांगितलं असतं. काही पाहुणे हसायचे. काही ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्याच दिवशी आत्याला प्रेमानं मिठी मारायला धावायचे, की ही बिचारी पुन्हा घाट उतरायची. एका बाईनं तर तिला थंडी वाजत असेल म्हणून अंगावर शाल टाकली. आत्या तिला काही बोलली नाही. मला मात्र दुपारपर्यंत ऐकवत होती.

मग एका हिवाळ्यात तो आला. केस पिकलेले, बोलणं हळू, वागणं मऊ. गळ्यात कॅमेरा होता, पण तो कुणाच्या गळ्यात नसतो? घरात शिरताना जोडे बाहेर काढायचा, पाय धुवायचा, वरणभात हातानं कालवून खायचा आणि बाबा संध्येला बसले की लांब उभा राहून हात जोडायचा. मी नियम सांगितला तेव्हा त्यानं तो पुन्हा मला म्हणून दाखवला, चुकलं तर नाही ना म्हणून विचारलं. आत्या पायऱ्या चढून यायला लागली की हा दोन हात लांब. गल्लीत तर तो भिंतीला असा चिकटायचा की पाठीला चुना लागायचा. आत्या खूश. कधी नव्हे ती परक्या माणसाचं कौतुक करायला लागली. मला म्हणायची, "तू बघ आणि तो बघ. अंग्रेज असून सोवळं कळतं त्याला. तुला एवढी पुस्तकं वाचून कळलं नाही."

जाईपर्यंत त्यानं एकदाही शिवाशिव केली नाही. जाताना सगळ्यांना वाकून नमस्कार केला. आत्यानं त्याला डब्यात बेसनाचे लाडू दिले, वरून हातात सोडून, बोट न लागू देता. असा माणूस पुन्हा येऊ दे गं, म्हणाली.

पुढच्या वर्षी कार्तिकात आई आणि मी वाती, कापूर असलं किडूकमिडूक आणायला दशाश्वमेधाकडे गेलो होतो. तिथं एका दुकानाबाहेर पोस्टकार्डांचं फिरतं लोखंडी स्टँड होतं. तसली स्टँडं त्या दोन-तीन वर्षांत जागोजाग झाली होती. साधू, चिता, माकडं, गंगेतला सूर्य, हे सगळं त्यावर असायचं. आईनं सहज ते फिरवलं आणि तिचा हात तिथंच राहिला. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

आमच्या घाटाच्या पायऱ्या होत्या. पायरी चढणारी एक बाई, पाठमोरी, किंचित वळलेली. पदर डोक्यावरून ओढल्यामुळे तोंड दिसत नव्हतं. बाकी सगळं दिसत होतं. पातळ झालेलं सुती लुगडं अंगाला चिकटलेलं, उगवतीचं ऊन पाठीवर आलेलं, आणि म्हाताऱ्या बाईचं शरीर जसं असतं तसं, पाठ, कंबर, मांड्या, सगळं. फोटो सुंदर होता. हे मला सांगितलंच पाहिजे. घाणेरडा असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. कलश धरायची पद्धत, डावा पाय जरा ओढत टाकायची सवय, आम्हाला ओळखायला चेहरा लागलाच नाही.

आईनं कार्ड परत जागेवर ठेवलं, उलटं करून. आम्ही घरी निघालो. समोरून येणारा प्रत्येक माणूस ते कार्ड बघून आलाय असं मला वाटत होतं.

त्या रात्री मी अंथरुणात पडून आमच्या मूर्खपणाचा विचार केला आणि मला तो लख्ख कळला. घाटावर बायका-पुरुष शेजारी शेजारी अंघोळ करतात, आमच्या जन्माआधीपासून करत आलेत. बायका ओल्या असतात, लुगडी अंगाला चिकटतात, पदर घसरतात. आणि कुणी बघत नाही. मल्लाह समोरून नाव नेतो, त्याची नजर पाण्यावर. बाबा दोन पायऱ्यांवर अर्घ्य देतात, त्यांची नजर सूर्याकडे. ही रीत कुणी कुणाला शिकवलेली नव्हती. ती मोडणारा माणूसच आम्हाला कधी भेटला नव्हता. जपायचं ते स्पर्शापासून, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून येणाऱ्याला आम्ही शिवू नका म्हणून शंभरदा बजावलं, आणि बघू नका म्हणून एकदाही सांगितलं नाही. तो बिचारा सांगितलं तसा वागला. दोन हात लांब राहिला. फोटोला तेवढंच अंतर लागतं.

बाबा दुसऱ्या दिवशी एकटेच दशाश्वमेधाला गेले. दुकानदार त्यांना ओळखत होता. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "पंडितजी, ये तो बाहर से छपकर आता है. बहुत बिकता है. आप ही के घाट का है, खुश होइए." बाबांना सांगवेना की ही माझी बहीण आहे. कसं सांगणार? सांगितलं की ती बाई कोण हे गावाला कळणार. ते तसेच परत आले, पाय धुतले आणि पोथी उघडून बसले. पान काही उलटलं नाही.

प्रश्न एकच होता, आत्याला सांगायचं की नाही. आई म्हणाली, सांगा. बाई रोज जाते, नावा हल्ली आपल्या घाटासमोर थांबायला लागल्यात, मल्लाह बोट दाखवतात, मी गच्चीवरून पाहिलंय. तिचं तिला ठरवू द्या. बाबा म्हणाले, सांगितलं की ती गंगा सोडेल, आणि गंगा सोडली की महिन्याभरात अंथरूण धरेल. झाकली मूठ राहू दे. कार्डं काय, आज आहेत उद्या नाहीत. आई म्हणाली, "आणि तोवर?" बाबा म्हणाले, तोवर मी तिच्या मागून चालत जाईन.

आणि खरंच, काही दिवस ते गेले. उपरणं पसरून बहिणीच्या मागून दोन हात अंतरावर चालायचे, तिला शिवायचं नाही आणि ती दिसूही द्यायची नाही, अशी कसरत. आत्या वैतागली. म्हणाली, "अरे, माझ्या पायात पायात काय करतोस? शिवशील." मग त्यांनी सोडलं.

खोल्या बंद करा असंही आई एकदा म्हणाली. त्यावर कुणीच काही बोललं नाही. माझी फी त्या खोल्यांतून जात होती, हे मला माहीत होतं, म्हणून मीही बोलले नाही. असं आमचं घर. धर्माचा एवढा दिमाख, आणि पाटी दारावर तशीच.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. आत्या रोज जात होती. तिला वाटायचं, हल्ली गंगेवर गर्दी फार वाढलीय. "सूर्योदय बघायला येतात वाटतं," ती आईला म्हणाली. "बघू देत. सूर्य काय आपल्या एकट्याच्या बापाचा आहे?" आईनं तोंड फिरवलं. मी विद्यापीठातून येताना आता मागच्या गल्लीनं यायचे, पुढच्या दुकानांकडे बघायची छाती होत नव्हती. मैत्रिणी घरी येतो म्हणाल्या की काहीतरी सबब सांगायचे. लाज होती, आणि ती नेमकी कुणाची हे ठरवता येत नव्हतं. त्या माणसाची यायला हवी होती. यायची आमची. कधी कधी तर, देवा, मला आत्याचीच लाज वाटायची, की हिला पेटीकोट घालायला काय होतं.

माघात दुपारी एक जोडपं दाराशी आलं. गोरे, वयस्क, थकलेले, सामान खाली ठेवून उभे. आत्या उंबऱ्यापाशी उन्हात तांदूळ निवडत बसली होती. सोवळं संपलेलं, लुगडं कोरडं, चष्मा नाकावर. त्या बाईनं पर्समधून एक कार्ड काढलं आणि पत्ता विचारावा तसं आत्यापुढे धरलं. हा घाट कुठं आहे, असं ती इंग्रजीत विचारत होती. मी जिन्यावरून उतरत होते. मला कार्ड दिसलं आणि मी पायरीवरच थांबले. बाबा माजघरातून बाहेर आले, तेही दारातच थांबले. मागे आई.

आत्यानं कार्ड हातात घेतलं, उन्हाकडे धरलं, लांब नेलं, जवळ आणलं. "अगं, हा आपलाच घाट की," ती मला म्हणाली, खुशीनं. मग बारकाईनं बघायला लागली. तिनं आरसा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि स्वतःची पाठ तर कुणीच बघत नाही. तिचं तोंड हळूहळू आंबलं.

"ही कोण बाई गं?" ती म्हणाली. "काय बाई ही. अंगावर काही आहे की नाही कळत नाही. एवढं सगळं उघडं पडलंय, आणि आपली चाललीय खुशाल." मग कार्ड खाली करून आमच्या सगळ्यांकडे बघत म्हणाली, "हिच्या घरात हिला सांगणारं कुणी नाही का?"

बाबांनी खांबाला हात लावला. कुणीच काही बोललं नसतं, आणि आत्या कार्ड परत देऊन तांदळाकडे वळली असती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा घाट उतरली असती. आई पुढे आली. तिच्याशेजारी खाली बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्हीच आहात त्या."

आत्यानं कार्ड पुन्हा वर केलं नाही. ते तिच्या मांडीवर होतं, तसंच राहिलं. ती गोरी बाई कार्डाकडे आणि मग आत्याकडे बघायला लागली. तिला कळलं. तिनं नवऱ्याचा हात धरला आणि दोघांनी आत्याला हात जोडले. खरंच भक्तीनं जोडले.

आत्या बाबांकडे बघत होती. "तुला ठाऊक होतं?"

बाबा म्हणाले, "हो."

"कधीपासून?"

"कार्तिकापासून."

ती हिशोब करत असावी, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, रोजची पहाट. मग म्हणाली, "म्हणजे मी रोज जात होते आणि तुम्ही मला जाऊ दिलंत."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं कार्ड त्या बाईच्या हातात नीट परत दिलं, सूप उचललं आणि आत गेली. पाहुणे उभेच होते. त्या बाईनं मला विचारलं, आमचं काही चुकलं का? मी म्हटलं, नाही, त्या थकल्यात. बाबा अजून खांब धरून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरची खोली दाखव त्यांना." मी सामान उचललं आणि दाखवली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून ते दोघं गच्चीच्या कठड्याशी उभे होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा समोर गंगेवर दोन-तीन नावा थांबलेल्या दिसल्या, आमच्या पायऱ्यांकडे तोंड करून. त्या बाईनं हळूच विचारलं, त्या आजी आज किती वाजता जातील? खाली मोरीत आत्या नळाच्या पाण्यानं अंघोळ करत होती, दाराला आतून कडी लावून. मी म्हटलं, त्या आता जात नाहीत.